गडग्यावरची पर्स

"अगं, ऐकलंस का? वरच्या वाडीतल्या सूनबाईंनी लग्नात काय घोळ घातला तो!"

काकूंनी गडग्यावर कोपर टेकलं. श्रावणातल्या पावसाने जरा उघडीप दिली होती, माझ्या हातात अळूची पानं होती, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं की बातमी ताजी आहे. मी पानं खाली ठेवली.

बातमी अशी. सूनबाईंना माळ्यावर सासूबाईंची जुनी काळी पर्स सापडली. अस्सल चामड्याची, मुंबईहून आणलेली, पितळी कडीची. वरून राखाडी पडलेली. सूनबाई हौशी. त्यांनी बूटपॉलिशची डबी काढली, ब्रशने दोन हात दिले, फडक्याने चकाकी आणली आणि पर्स काखोटीला मारून डोंबिवलीच्या लग्नाला गेल्या. तिथे फोटोसाठी सगळ्या बायका एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. विहीणबाईंच्या अंगावर मोतिया रंगाचं कांजीवरम. पुढचं काकूंनी तोंडाने सांगितलंच नाही, कमरेपासून गुडघ्यापर्यंत हात फिरवून दाखवला.

"ड्रायक्लीनवाला म्हणतो, डाग जाईल की नाही सांगता येत नाही. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. पण पंगतीत चार खुर्च्या सोडून बसल्या म्हणे."

"बूटपॉलिश म्हणजे मेण आणि रंग, काकू. बुटाला चालतं, कारण बुटाला कुणी काखेत घेत नाही. अंगाची ऊब लागली की मेण मऊ होतं आणि रंग मिळेल त्या कापडावर जाऊन बसतो."

"मग तू काय लावतेस? तुझ्या पडवीत सदा कुणाची ना कुणाची पर्स टांगलेली असते."

ते खरं आहे. नात्यागोत्यातल्या, ओळखीपाळखीच्या जुन्या पर्सा माझ्याकडे येतात, आणि येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य घेऊन येते: रंग गेलाय, तेवढा रंग लावून दे. माझं उलट म्हणणं असं, की त्यातल्या बऱ्याच पर्सांचा रंग गेलेलाच नसतो. वर घामाचा, पावडरचा, एसटीच्या दांड्याचा मळ असतो आणि खाली चामडं कोरडं ठाक पडलेलं असतं. मळ उतरवला, चामड्याला जरा स्निग्धपणा परत दिला, की जुना रंग आपोआप वर येतो. रंगाची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची असते. बायका ती सगळ्यात आधी उघडतात.

"स्निग्धपणा म्हणजे खोबरेल ना? ते तर घरचंच आहे."

कोकणात हा प्रश्न येणारच. "खोबरेल नको, काकू. चामडं ते पिऊन घेतं आणि ठिकठिकाणी काळपट चट्टे पडतात. थंडीत तेल थिजतं, त्यावर धूळ बसते, पुढे खवट वास. चामड्यासाठी मेणाचं मलम मिळतं, लेदर कंडिशनर म्हणतात, ते वाटाण्याएवढं घ्यायचं आणि बोटांनी जिरवायचं. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. कमी पडलं तर पुन्हा लावता येतं. जास्त झालेलं काढता येत नाही."

मग मी काकूंना भाचीची गोष्ट सांगितली, कारण बातमीला बातमीनेच उत्तर द्यावं लागतं. भाची न्यू जर्सीला असते. तिथे वापरलेल्या वस्तूंची मोठमोठी दुकानं असतात, लोक चांगलंचुंगलंही देऊन टाकतात. तिला तिथे एक जुनी कोच कंपनीची बॅग मिळाली. तपकिरी, जाड चामड्याची, आत अस्तर नाही. तिने ती घरी आणली आणि कोमट पाण्याच्या बादलीत बुडवली.

"बादलीत?" काकूंनी कपाळाला हात लावला. "चामडं?"

"सबंध. पट्ट्यासकट."

आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं. ऐकताना मलाही धस्स झालं होतं, पण त्या बॅगेच्या बाबतीत हे तिकडचे हौशी लोक सर्रास करतात, आणि त्यामागे कारण आहे. कोच सुरू झाली 1941 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. पुढे तिचे मालक झालेले माइल्स कान यांनी बेसबॉलचा हातमोजा पाहिला. वापरून वापरून तो मऊ होतो, पण फाटत नाही. तसं चामडं बॅगेसाठी करून घ्यायचं त्यांनी ठरवलं. त्यावर रंगाचा जाड लेप नसतो, रंग चामड्याच्या आत मुरवलेला असतो. म्हणून ते धुणं सोसतं. 1962 मध्ये बॉनी कॅशिन नावाची डिझायनर तिथे आली. तिने आपल्या मोटारीचं उघडतं कापडी छत ज्या फिरकीने बंद व्हायचं, ती फिरकी बॅगेला लावली. भाचीच्या बॅगेला तीच पितळी फिरकी आहे.

"मोटारीची कडी पर्सला!" काकूंना हे फार आवडलं. मला वाटतं, उद्या दुपारपर्यंत हे वरच्या वाडीत पोचलेलं असेल.

धुतल्यावर भाचीने बॅगेत जुने टॉवेल कोंबून तिला आकार दिला आणि सावलीत वाळवलं. उन्हात ठेवली असती तर चामडं आखडून पापडासारखं कडक झालं असतं. पूर्ण सुकायच्या आत, अजून जरा दमट असतानाच मलम लावलं. फिरकी चिंचेने घासली, पण आधी तिच्याभोवती चिकटपट्टी लावून, कारण चिंचेचं पाणी चामड्यावर उतरलं की तो डाग कायमचा. पितळ खरं की वरचा मुलामा, हे लोहचुंबकाने पाहायचं. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. मग घासायचं नाही, नाहीतर मुलामाच निघतो.

रंग? लावलाच नाही. लागला नाही.

"थांब हं," म्हणून काकू आत गेल्या आणि दोन पर्सा घेऊन आल्या. एक त्यांची, एक जावेची. जावेची त्यांनी पुढे केली: मरून रंगाची, वरच्या कडेला पापुद्रे सुटलेले. "ही आधी बघ. तिने महाग घेतलीय, सारखी ऐकवत असते."

मी पापुद्रा उचलून पाहिला. खाली पांढरं विणलेलं कापड. चामड्याची मागची बाजू केसाळ, तंतूंची असते. कापड दिसलं की समजायचं, हे रेक्झिनच्या कुळातलं. वरचा प्लॅस्टिकचा थर दमट हवेत आतून विरतो आणि मग सोलत सुटतो. त्याला मलम लागू पडत नाही आणि रंगही टिकत नाही, कारण रंग ज्याला धरून बसायचं तेच सुटतंय.

"म्हणजे ही गेलीच?"

"गेली."

काकूंना झालेला आनंद त्यांनी पदराआड लपवला, पण पुरता लपला नाही.

दुसरी पर्स पाहिल्यावर मात्र मी हात पदराला पुसून घेतले. शांतिनिकेतनी. एकेकाळी कोलकात्याची सहल केलेल्या प्रत्येक मराठी घरात ही एक तरी असायची. मऊ, फिकट चामड्यावर उठावाची वेलबुट्टी, त्यात लाल, हिरवा, पिवळा रंग भरलेला, कडेने चामड्याच्याच बारीक वादीची गुंफण. रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात हे काम त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ यांनी रुजवलं आणि पुढे ते आजूबाजूच्या गावांत पसरलं. आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. काकूंच्या पर्सवर फुलांपेक्षा बुरशी जास्त होती. पांढुरके गोल ठिपके, कडेच्या गुंफणीत दाट.

"याला स्पिरिट लावू का? यूट्यूबवर सांगतात."

"काकू, नका!"

बुरशीला पाण्यात निम्मं स्पिरिट घालून पुसतात, हे बरोबर आहे, पण ते लेप दिलेल्या पर्सला. शांतिनिकेतनीतले रंग ब्रशने भरून मुरवलेले असतात. स्पिरिट लागलं की लाल हिरव्यात उतरेल आणि वेलबुट्टीचा चिखल होईल. मी काकूंना तिथेच दाखवलं. पर्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे करंगळीने पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंब क्षणभर गोल राहिला, मग बसका झाला आणि खाली एक गडद ठिपका पसरत गेला. चामडं पाणी पितंय, म्हणजे वर लेप नाही. हाच थेंब सूनबाईंच्या काळ्या पर्सवर ठेवला असता तर मोत्यासारखा गडगडला असता. कुठलीही पर्स हातात आली की आधी हा थेंब.

मग काकूंच्या पर्सचं काय करायचं? अंगणात न्यायची, घरात मुळीच नाही. तोंडाला फडकं बांधायचं, बुरशीची भुकटी छातीत जाते. मऊ कोरड्या ब्रशने वादीच्या आडव्या दिशेने झटकायची. मग वाऱ्यावर, सावलीत. बस्स. ठिपक्यांच्या फिकट खुणा राहतील, त्या राहू द्यायच्या. नव्याने रंग भरायची खुमखुमी मला पूर्वी यायची, आता येत नाही. त्या हाताचं काम माझ्या हाताला येणार नाही.

"आणि कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या मी," काकू म्हणाल्या.

"त्या कसरीसाठी. बुरशीला त्यांचं काही सोयरसुतक नाही. उलट चामड्यात तो वास बसला की निघता निघत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. जुन्या उशीचा सुती अभ्रा उत्तम. आत जुनी मऊ साडी भरा. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते."

काकूंचा जीव अजून सूनबाईंच्या पर्सवरच होता. "पण मग त्या बिचारीने करायचं तरी काय? ती खरंच राखाडी होती गं."

इथे मात्र रंगाचं काम आहे. तिच्या कोपऱ्यांवरचा लेपच झिजला असणार आणि खालचं चामडं उघडं पडलं असणार. तिथे मळ काढून भागणार नाही. त्यातही दोन तऱ्हा असतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. डाय मेंदीसारखा, आत मुरतो. ॲक्रिलिकचा लेप नेलपॉलिशसारखा, वर बसतो. उघड्या, थेंब पिणाऱ्या चामड्याला डाय. लेप असलेल्याला लेपच. डायने पर्स गडदच होते, उजळ कधीच नाही: तांबूस चॉकलेटी होईल, चॉकलेटी काळी होईल, काळी मात्र गुलाबी होणार नाही. लेपाने गुलाबी होते म्हणा, पण घडीवर तडकली की आतला काळा दात विचकतो. आणखी एक: आजकालची शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, तो डाय धरत नाही. पर्स काळी होते, दोरा तसाच पिवळट राहतो. कुणाला ते शोभून दिसतं, मला दिसत नाही.

सूनबाईंच्या पर्सवर आता आधी ते पॉलिश उतरवावं लागेल. फडक्यावर जरासं टर्पेंटाइन, दारंखिडक्या उघड्या, गॅस बंद. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर, ॲसिटोनचं, आणि हलक्या हाताने जुन्या लेपाची चकाकी मारायची. ही चकाकी मेल्याशिवाय नवा रंग पकड घेत नाही. घरी रंगवलेल्या पर्सांची सालं निघतात ती बहुतेक या एका पायरीच्या कंटाळ्याने. कोपऱ्यांचे उठलेले तंतू 600 नंबरच्या पॉलिशपेपरने बसवायचे. मग चामड्याचाच ॲक्रिलिक रंग, स्पंजने, इतका पातळ की पहिल्या थरात काही झालंय असं वाटूच नये. सुकल्यावर दुसरा, मग तिसरा. जाड एकच थर देणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्या पर्सा सहा महिन्यांत उन्हाळ्यातल्या शेतासारख्या दिसायला लागतात. शेवटी वरून पारदर्शक फिनिशर, शक्यतो मॅट. चकचकीत लावला की पर्स रंगवलेली आहे हे लांबून ओळखू येतं.

"आणि मग लग्नाला न्यायची?"

"आधी पांढरा रुमाल ओला करून तिच्यावर दाबून चोळायचा. रुमालावर काळं उतरलं तर साडीवरही उतरणार. नाही उतरलं तर खुशाल न्या."

"हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर," काकू हळहळल्या, आणि लगेच, "सांगितलं नाही तेच बरं, नाहीतर आज बोलायला काय होतं?"

एवढ्यात पाऊस पुन्हा लागला. काकूंनी दोन्ही पर्सा पदराखाली घेतल्या. जावेचीही घेतली, हे मी पाहिलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "मग सूनबाईंना पाठवू का उद्या तुझ्याकडे? गणपतीच्या आत करून दे."

गणपतीच्या आत नाही, काकू. या हवेत पातळ थरही चिकट राहतो आणि चिकट थरावर दुसरा दिला की सगळंच फुगतं. पॉलिश उतरवायला उद्या येऊ दे. रंगाचं काम दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात काढू. तोवर पर्स कपाटात कोंडू नका म्हणावं, खुंटीला टांगा.