अकेला आणि चोवीस लांडगे

मुख्याध्यापकांनी मला 'अकेला' केलं आणि त्या दिवसापासून मी मिनिटभरही एकटा राहिलो नाही.

ही भानगड माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. स्काउटात प्राथमिक शाळेच्या पोरांचं जे पथक असतं त्याला 'कब' म्हणतात. म्हणजे पिल्लू, तेही लांडग्याचं. बेडन-पॉवेलसाहेबांनी 1916 साली हे प्रकरण सुरू केलं आणि त्याला किपलिंगच्या जंगल बुकातली गोष्ट जोडली. म्हणून पथकाच्या मास्तराला लांडग्यांच्या म्होरक्याचं नाव, अकेला. सहा-सहांच्या चार टोळ्या, एकूण चोवीस पिल्लं. किपलिंगचं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही; आमच्या लांडग्यांनी पाहिलेलं सगळ्यात घनदाट अरण्य म्हणजे उसाचा फड. तेव्हा शिबिर न्यायचं ठरलं नांदेड जिल्ह्यात, माहूरच्या सागवानात. तीन दिवस, दोन रात्री.

तारीख मात्र वेळ अमावस्येनंतरचीच घ्यावी लागली. त्या दिवशी सगळं लातूर शेतात भज्जी-आंबील खायला जातं आणि शहरात कुत्रंही दिसत नाही. त्या दिवशी लेकरू मागणारा मास्तर पुन्हा गावात राहू शकत नाही.

एसटी सुटायच्या आधी प्रत्येक आईने मला बाजूला घेऊन गुपित सांगितलं. "सर, ह्याला रात्री दोनला उठवा, न्हाईतर गोधडी धुवावी लागती." मी म्हणालो, उठवतो. "दोनलाच हं. सव्वादोनला उपयोग नसतो." एका आजीने सांगितलं, लेकरू भाकर चुरून दिल्याबिगर खात नाही. मी सगळं वहीत लिहिलं. दोनला उठवायची पोरं सहा निघाली, म्हणजे एक अख्खी टोळी.

वाटेत सहस्रकुंडला थांबलो. जानेवारीत धार बारीक झालेली, पण पैनगंगा कड्यावरून पडत होती. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी प्यालेल्या गावची ही पोरं. ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, निसर्गाने भारावली. मग एकाने विचारलं, "सर, हे बंद कुठून करत्येत?" दुसरा म्हणाला, "रात्रभर असंच चालू ठिवत्येत?" आणि तिसऱ्याने आजूबाजूला बघून हळूच आपली बाटली भरून घेतली.

पहिल्या रात्री दहाला दिवे मालवले. दहा-पाचला पहिला हुंदका आला. रडणं गोवरासारखं असतं, एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जातं. साडेदहापर्यंत तीन टोळ्या कामी आल्या होत्या. मी पहिल्या रुग्णाजवळ बसलो. म्हटलं, आईची आठवण येऊलालीय का? तो म्हणाला, "न्हाई. आमची म्हैस ह्याच आठवड्यात व्यायची हाय. मी नसताना व्याली तर?" ह्यावर माझ्या डी.एड.च्या पुस्तकात काही नव्हतं. शेजारचा म्हणाला, "आमच्याकडं म्हैस न्हाई," आणि त्या दुःखाने तोही रडू लागला.

दोनला मी टोळी उठवली. बाहेर थंडी अशी, की पोरांचं काम झालं तरी दात थांबेनात. परत येऊन मोजली तर सातजण. सातवा सोबत म्हणून उठला होता.

सकाळी खरी परीक्षा झाली. एक पोरगं न्हाणीत पाटावर बसलं, डोक्याला साबण लावला, डोळे मिटले आणि थांबलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दाराशी जाऊन विचारलं, काय रे? डोळे न उघडता म्हणालं, "पाणी घाला की." नऊ वर्षांच्या आयुष्यात त्याने डोक्यावर स्वतः तांब्या ओतलेला नव्हता. पाणी वरून येतं, एवढंच त्याला माहीत होतं. मी तांब्या त्याच्या हातात दिला. पहिला तांब्या त्याने खांद्यावरून मागे भिंतीवर ओतला. दुसरा माझ्यावर. तिसरा लागला.

मोज्यांबद्दल मी फार बोलणार नाही. एकाच गणवेशाचे, एकाच मापाचे अठ्ठेचाळीस मोजे घेऊन निघालो आणि एकतीस घेऊन आलो. शेजारच्या हॉलमध्ये मुलींचं बुलबुल पथक होतं. त्यांच्या बाईंनी प्रत्येक मोज्यावर दोऱ्याने नाव घातलं होतं. पण बाई दूरदृष्टीच्या आहेत आणि मी अकेला आहे.

दुसऱ्या दिवशी सुरगाठ आणि निरगाठ शिकवली. सुरगाठ कोणाला येईना. निरगाठ सगळ्यांना आली आणि ती माझ्या शिटीच्या दोरीला मारली. दुपारी रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो. तिथला प्रसाद म्हणजे विड्याचा तांबूल. घरी पान खाल्लं की पाठ सुजते आणि इथे देवीच देते, हे कळल्यावर चोवीस पोरं एकाएकी धार्मिक झाली. एकजण तीनदा रांगेत लागला. संध्याकाळी शेकोटीभोवती गोल करून त्यांनी कबांची आरोळी ठोकली. सगळ्यांची तोंडं लालभडक, खरोखरीच शिकार करून आल्यासारखी. सागवानाच्या पलीकडून गावातल्या कुत्र्यांनी उत्तर दिलं. पोरं एकदम माझ्याजवळ सरकली. त्या रात्री कोणी रडलं नाही, कारण कोणी झोपलंच नाही.

लातूरला परतलो. म्हैस व्याली नव्हती, थांबली होती. चार दिवसांनी त्या पाटावरच्या पोराची आई शाळेत आली.

"सर, तुमी त्याला काय शिकवलाव?"

मी वहीकडे हात नेला. "का? काय झालं?"

"आतून कडी लावतोय. म्हनतोय, माझं मी करतो." तिने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. "मी भाईर तांब्या घिऊन हुभी राहते, सर."

मी तिला चहा सांगितला.