यावं लागतं का?

जून उजाडला की आमच्या घरी फोन सुरू होतात. परवाचा देगलूरहून होता.

"प्राध्यापक साहेब बोलायलेत का?"

मी खुर्चीत ताठ झालो. समोरच्याला दिसत नसलं तरी प्राध्यापकानं ताठ बसूनच बोलावं, असं माझं मत आहे.

"बोलतोय."

"एकच विचारायचं होतं सर. तुमच्या कॉलेजला यावं लागतं का?"

"यावं लागतं म्हणजे?"

"म्हणजे पोरगं सकाळी सहापासनं क्लासला राहणाराय. कॉलेजचा तरास नसावा, इतकंच. फीसचं आपण बघून घेऊ."

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बत्तीस वर्षं मराठी शिकवतोय. सायन्सची मुलं मराठीऐवजी आयटी घेतात, त्यामुळं रिकाम्या बाकांचा मला सराव आहे. पण न येण्याची इतकी अदबीनं आगाऊ चौकशी करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवून दारावरच्या पाटीकडं बघत बसलो.

पाटीवर माझ्या नावाआधी ‘प्रा.’ आहे. पितळी. सरकारी कागदात मी नुसता शिक्षक आहे. शेजारच्या इमारतीतली सीनियरची मंडळी खरी प्राध्यापक. त्यांना यूजीसीचा पगार आणि आम्हाला त्यांची विचारपूस: "तुम्ही ज्युनिअरला ना?" या ‘ना’मध्ये जे असतं ते कुठल्याही पगारात भरून निघत नाही. मेव्हण्याच्या पोराच्या लग्नपत्रिकेत माझा ‘प्रा.’ राहून गेला, तेव्हा मी त्या लग्नात रागानं जेवलो नाही. म्हणजे जिलेबी सोडून बाकी काही खाल्लं नाही.

खरं तर घोळ माझा नाही, ‘कॉलेज’ या शब्दाचाच आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला कॉलेज म्हणजे हैदराबाद. 1918 साली निघालेल्या उस्मानियात शिकायचं, तेही उर्दूतून. पुढं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं 1950 मध्ये. लातूरला दयानंद 1961 मध्ये आलं, शाहू 1970 मध्ये. ‘कालेजचं पोरगं’ आलं की गावात त्याला बाज टाकून देत आणि तारेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं वाचून घेत. मग दहा अधिक दोन अधिक तीन आलं, अकरावी-बारावी हाही कॉलेजचाच मामला झाला आणि सरकारनं त्याला नाव दिलं ‘कनिष्ठ महाविद्यालय’. एकाच दमात महा आणि कनिष्ठ! मोठी शाळा, पण लहान. तिथला मास्तर मोठा की लहान, हे कुणी ठरवायचं? मी माझ्यापुरतं ठरवलं आणि पाटी केली.

बरं, जगातही या शब्दाचा काही धरबंध नाही. इंग्लंडातलं ईटन 1440 सालचं. नाव कॉलेज, आणि आहे शाळा. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये मोठमोठे लोक शिकवतात, कुणीही जाऊन बसावं, फी नाही, परीक्षा नाही, पदवीही नाही. लातूरच्या पालकाला हे सांगितलं तर तो विचारील, "मग रिझल्ट काय त्यांचा?" पोप निवडतात ते कार्डिनल, त्यांचंही कॉलेजच. तिथं वयाची ऐंशी पुरी झाली की मत देता येत नाही. आम्हाला अठ्ठावन्नलाच घरी पाठवतात. आणि सगळ्याचं मूळ ते लॅटिन ‘कोलेजियम’. रोमन लोकांत कोलेजियम म्हणजे मंडळ. पुजाऱ्यांचं, कारागिरांचं, कुणाचंही. काही कोलेजियम तर अशी होती की सभासदांनी महिन्याला वर्गणी भरायची आणि कुणी मेला की त्या पैशातून त्याची माती नीट करायची. म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या हमालांची मंडळी, ही मूळ अर्थाला माझ्या नोकरीपेक्षा जवळची. हे मी एकदा बारावीच्या वर्गात रंगून सांगितलं. वर्गात चार मुलं होती. एकानं विचारलं, "सर, हे नीटला येतं का?"

असो. कुठं होतो मी?

हां, लातूरला. तर लातुरात या शब्दाचा आता नवा अर्थ निघालाय. कॉलेज म्हणजे जिथं पोराचं नाव असतं आणि क्लास म्हणजे जिथं पोरगं असतं. गंमत अशी की ‘लातूर पॅटर्न’ जन्मला तो कॉलेजातच. जादा तास, पुन्हापुन्हा सराव परीक्षा, पेपर तपासून चुका दाखवणं, हे सगळं मास्तरांनी वर्गातच करायचं, असा तो पॅटर्न. त्याचं नाव आता ट्युशन एरियातल्या फ्लेक्सवर गेलं आणि आमच्याकडं हजेरीपट उरला.

आमच्या मागच्या खोलीत मुखेड तालुक्यातली एक बाई पोरीला घेऊन राहते. पोरगी रिपीटर. नवरा गावाकडं शेत बघतो, ही इथं पहाटे साडेचारला उठून डबा करते. गॅसच्या वरच्या भिंतीवर फिजिक्सची सूत्रं चिकटवलेली आहेत. फोडणीच्या तेलानं ती पिवळी पडलीत. पोरगी भाकरी खाता खाता वाचते.

"सहालाच कालेजला गेली बगा," बाई म्हणाल्या.

"ताई, ते कॉलेज नव्हं. क्लास."

"मग कालेज कोन्तं?"

"मी शिकवतो ते."

"तिथं पोरं असत्यात का?"

"असतात," मी म्हणालो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं सरळ खोटं मी हजेरीपटातसुद्धा लिहिलं नव्हतं.

रात्री नऊ वाजता ती पोरगी परत येते तेव्हा आई फाटकाशी उभी असते. दोघी काही बोलत नाहीत. पोरीच्या पाठीवरची बॅग आई काढून घेते, एवढंच. ते बघितलं की मला पॅटर्नवर विनोद सुचत नाहीत.

मी 1984 साली पत्र्याची पेटी घेऊन नांदेडला पीपल्स कॉलेजला आलो. काय शिकलो ते फारसं आठवत नाही. पण लायब्ररीतला पुस्तकांचा ओलसर वास आठवतो, एका चहाचे दोन करणारा मित्र आठवतो. नरहर कुरुंदकर तिथले प्राचार्य होते. ते 1982 मध्ये औरंगाबादला भाषण करता करताच गेले. मला दोन वर्षांचा उशीर झाला. पण गाव अजून त्यांच्याविषयीच बोलत होतं आणि एवढ्या मोठ्या विद्वानाला सगळे ‘गुरुजी’च म्हणत होते. त्यांचं त्यात काही कमी झाल्याचं ऐकिवात नाही. पितळ मलाच लागलं.

आमच्या पिढीच्या निम्म्या गोष्टी ‘कॉलेजला असताना’ अशा सुरू होतात. या पोरी-पोरांच्या गोष्टी कशा सुरू होतील? ‘क्लासला असताना’नंतर पुढं सांगण्यासारखं काय येतं, मार्कांशिवाय?

काल देगलूरचा परत फोन आला.

"सर, मग काय ठरलं? यावं लागतं का?"

मी 75 टक्के हजेरीचा नियम सांगितला. एसटीत ‘धूम्रपान करू नये’ वाचावं तसा त्यांनी तो ऐकला.

"लागत नाही," मी शेवटी म्हणालो. "पण आला तर बरं होईल."

"कुणाचं?"

माणूस वकील असावा.

"माझं," मी म्हणालो.

पलीकडं जरा वेळ नुसती खरखर. मग ते म्हणाले, "बरं गुरुजी. आठवड्यातनं एकदा पाठवतो."