नानांचे जलदफ्तर

वैशाखात ज्या मुलखातील पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकला तरी त्याची कुणाला बातमी वाटत नाही, जेथील बहुतेक नद्यांची पात्रे पावसाळा सरला की वाळूच्या लिलावापुरतीच सरकारदरबारी स्मरणात राहतात, आणि जेथे नळाला पाणी येण्याचा वार ध्यानात ठेवणे हे एकादशी-चतुर्थी ध्यानात ठेवण्याइतकेच गृहिणीच्या नित्यधर्माचे अंग होऊन बसले आहे, त्या खानदेशात पाण्याखाली चित्रीकरण करण्याचा छंद कुणास जडावा, हे प्रथमदर्शनी सृष्टिक्रमाशी विसंगत वाटण्याजोगे आहे. परंतु ज्याच्या अंगणात समुद्र येऊन आपटतो तो मालवणचा माणूस मासा पाण्यात पाहण्यापेक्षा ताटात पाहणे अधिक पसंत करतो. पाण्याचे खरे वेड लागावे ते जळगाव-धुळ्याच्या माणसालाच.

अशा गृहस्थाला कुठे आप्पा म्हणतात, कुठे भाऊसाहेब. आपण सोयीसाठी नाना म्हणू. वय साठीच्या किंचित पलीकडे, पेशा पाटबंधारे खात्यातील अव्वल कारकुनीचा, आणि पाण्याशी हयातभर आलेला संबंध सर्वस्वी कागदोपत्री: पाणीपट्टीची थकबाकी, उन्हाळी आवर्तनाचे अर्ज, फुटलेल्या पाटचारीचे पंचनामे. ज्या पाण्याचा जमाखर्च त्यांनी दलघफूमध्ये बिनचूक ठेवला, त्यात त्यांचा पाय घोट्याएवढाही कधी बुडाला नव्हता. मात्र खानदेश आणि पाणबुडेपणा यांचा संबंध पुरातन आहे असे त्यांचे ठाम मत असून, त्याच्या पुष्ट्यर्थ ते साक्षात विश्वेश्वरय्यांना साक्षीस बोलावतात. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नव्याने रुजू झालेल्या त्या तरुण अभियंत्याने धुळ्याकडे पांझरेच्या पात्राखालून नळ नेला, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. आणि पाण्याखालून पाणी नेणाऱ्या मुलखाने पाण्याखाली कॅमेरा का नेऊ नये, हा नानांचा त्यावरचा बिनतोड सवाल.

निवृत्तीनंतर चिरंजीवांनी त्यांना मालवणजवळच्या तारकर्लीस नेले आणि तेथे एका तरुण प्रशिक्षकाने त्यांच्या पाठीवरची हवेची टाकी मागून घट्ट धरून, मांजराने पिलू न्यावे तसे, त्यांना सात-आठ मीटर खाली फिरवून आणले. सारा प्रकार वीसेक मिनिटांचा. पण त्यातून नानांनी जे संचित मिळवले ते उभ्या सेवापुस्तकात सापडणार नाही. पाण्यात प्रत्येक वस्तू तिच्या मूळ आकाराच्या तृतीयांशाने मोठी भासते, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. नानांच्या कथनातील मासे जमिनीवर आल्यानंतरही वर्षानुवर्षे वाढत राहतात, त्याला मात्र शास्त्राचा आधार मिळत नाही.

या सहलीचे चित्रीकरण नानांच्या हातातील काडेपेटीहून थोड्या मोठ्या कॅमेऱ्याने केले होते, आणि त्याचा प्रथम प्रयोग थंडीतल्या एका भरीत पार्टीत झाला. बामणोदची वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजली जात होती, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचण्याचा ठेका चालला होता, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि मळ्यातल्या झोपडीच्या भिंतीवर ताणलेल्या चादरीवर नानांचा समुद्र अवतरला. प्रथम बराच वेळ हिरवट धुके, मग नानांचे कोपर, मग बुडबुडे, मग प्रशिक्षकाच्या पायातले रबरी वल्हे, पुन्हा कोपर, आणि अखेरीस निमिषमात्र एक मासा, जो कॅमेऱ्याकडे पाहून तत्काळ माघारी वळला.

“पाहिला? लालभडक होता,” नाना म्हणाले.

“राखी दिसला,” चादरीजवळ बसलेल्या एकाने भीत भीत हरकत नोंदवली.

मग भरीत निवेपर्यंत व्याख्यान झाले. सूर्यप्रकाशातील लाल रंग पाणी सर्वांआधी गिळून टाकते, पाच-सात मीटर खाली गेले की तो जवळजवळ नाहीसाच होतो, आणखी खोलवर बोट कापले तर रक्तसुद्धा हिरवट दिसते. म्हणून भिंगावर लाल काच बसवावी लागते, दिवा जवळ न्यावा लागतो, आणि कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय हे आधी शिकवावे लागते, ज्यास जाणकार व्हाइट बॅलन्स म्हणतात. हे सारे अक्षरशः खरे आहे. भाकरी वाढणाऱ्या माईंनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींनी, एवढेच विचारले की, ज्याला पांढरे कोणते तेही सांगावे लागते, असल्या यंत्राला एवढे पैसे कशाला मोजले?

हा कॅमेरा नानांच्या दुसऱ्या मालवणवारीत कामास आला. त्याच्या मृत्यूचे कारण खानदेशाच्या कीर्तीला शोभेसे होते: कापूस. कॅमेऱ्याच्या पारदर्शक कवचाचे झाकण ज्या बारीक रबरी कडीवर टेकते, ती ओ-रिंग हेच या विद्येतील सर्वस्व. तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तरी दाबाखालचे पाणी तेवढ्या फटीतून आत शिरते. नानांनी ती भक्तिभावाने, कोऱ्या सुती पंच्याने पुसली होती. होडी किनाऱ्याला लागण्यापूर्वीच त्यांनी पंचनाम्याचा मसुदा तयार केला. तो मी पाहिला आहे. त्यात ‘मयत कॅमेरा खाऱ्या पाण्यात निपचित आढळला, पडदा निस्तेज, कडीवर पांढरा तंतू एक’ अशी नोंद असून खाली साक्षीदार म्हणून नावाड्याची सही आहे. लोकरीतीप्रमाणे प्रेत चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवले. परंतु तांदूळ ओल शोषतो, मीठ नव्हे, आणि मिठाने आतल्या तांब्याचा निकाल केव्हाच लावला होता.

तंतूच दोषी की कवचही सामील, याची शहानिशा व्हायची होती. रिकाम्या कवचात कागदी रुमाल घालून ते पाण्यात बुडवून ठेवावे आणि कागद भिजतो का ते पाहावे, अशी या क्षेत्रातील मान्य चाचणी आहे. नानांनी त्यासाठी घरातला एकुलता एक भरलेला पिंप निवडला, आणि कवच तरंगू नये म्हणून वर पाटा ठेवला.

“अहो, परवापर्यंत नळ यायचा नाही,” माई म्हणाल्या, “हे पाणी प्यायचं आहे.”

“कोण सांडतंय? नुसतं बुडवलंय,” नाना म्हणाले.

कागद कोरडा निघाला, कवच निर्दोष सुटले, आणि नानांच्या खऱ्या विपत्तीला येथून आरंभ झाला. कारण आता मयताचे वारस उभे राहिले: निर्दोष कवच, लाल काच, दोन हातांची मूठ, तीन जादा बॅटऱ्या आणि एक दिवा. जुन्या कवचात बसेल असाच नवा कॅमेरा हवा, ही नानांची पहिली अट; आणि अधूनमधून नव्या अवताराचा आकार दोन-चार मिलिमीटरने बदलून जुने कवच निरुपयोगी करणे, ही कॅमेरे करणाऱ्यांची खोड. वास्तविक सगळी इस्टेट मोडीत काढून नवा संच घेणे स्वस्त पडले असते. परंतु ज्याने तीस वर्षे सरकारी दफ्तरात एकही जडवस्तू निर्लेखनाच्या ठरावाखेरीज बाद होऊ दिली नाही, त्याला हे कोण सांगणार?

म्हणून नानांनी लाल कापडी बांधणीची एक वही घातली. तिचे रकाने मी वाचले आहेत, आणि त्यांतला तपशील वाजवी आहे हे कबूल करणे भाग आहे. गोप्रो: विनाकवच 10 मीटर. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन 4: विनाकवच 18 मीटर, त्याच्या पुढचा 5 प्रो: 20 मीटर. ऑलिम्पसचा टफ टीजी-6: 15 मीटर, आणि स्वतःच्या कवचात 45. शेऱ्याच्या रकान्यात या शेवटच्या कॅमेऱ्यासमोर तांबड्या शाईने ‘खोली अपुरी, सबब अमान्य’ असे लिहिले आहे. आता हौशी पाणबुड्यांची रूढ सीमा 40 मीटर, प्राथमिक परवाना घेतलेल्याची 18, आणि नानांसारख्या बिनपरवाना पाहुण्याला बाराच्या खाली नेत नाहीत. तेव्हा 45 मीटर अपुरे कोणाला, असे मी विचारले. “माणूस वर राहील,” नाना म्हणाले, “कॅमेरा सुटून खाली गेला तर?”

रकाना भरण्याच्या या कामात नाना जितके सुखी दिसत तितके मला ते तारकर्लीच्या चित्रफितीतही दिसले नव्हते. तेथे त्यांचे डोळे भयाने विस्फारलेले होते. येथे मात्र चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानाला पेन, आणि मुद्रेवर ज्याच्या टेबलावर तहकूब प्रकरणांचा ढीग आहे अशा अधिकाऱ्याची तृप्ती. प्रकरण निकालात निघावे असे कोणत्या सच्च्या कारकुनाला वाटते? एकदा मी त्यांना जळगाव जिल्ह्यातल्याच चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची गोष्ट सांगितली. आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पाऊल टाकून, घरातल्या टेबलावर क्षुल्लक वस्तू मांडून आणि उजेडाची करामत करून त्यांनी डोंगरदऱ्यांचे भास निर्माण केले व जगभरच्या प्रदर्शनांतून पारितोषिके मिळवली. समुद्रसुद्धा घरी होऊ शकतो, असे मला सुचवायचे होते. नानांनी सारे आदराने ऐकून घेतले आणि विचारले, “भिंग कोणतं होतं?”

जळगावच्या गोलाणी मार्केटात नानांना सगळे ओळखतात. ते दिसले की भ्रमणध्वनीच्या दुकानांतील पोरे एकमेकांना खुणावतात, आणि एका धीट पोराने “काका, घ्यायचा आहे का बघायचा आहे?” असा मर्मभेदक प्रश्नही केला होता. त्यावर नानांनी त्याच्याकडूनच एक नमुना तपासणीसाठी मागून घेतला आणि भर मे महिन्यात, दुपारी, घराच्या गच्चीवर चालू करून ठेवला. कवचात घातल्यावर 60 मीटर पाण्याचा, म्हणजे जमिनीवरच्या सातपट, दाब निमूटपणे सोसण्याची हमी असलेले ते यंत्र, जळगावच्या उन्हात थोडक्याच वेळात तापल्याची सूचना देऊन आपोआप मूर्च्छित झाले. अतिउष्णतेने असे कॅमेरे स्वतःला बंद करून घेतात, हे त्यांच्या माहितीपत्रकातच असते. नानांनी तरीही ‘स्थानिक हवामानास नालायक’ असा शेरा मारून नमुना परत केला. सागरतळाचे तापमान जळगावाइतके कधी नसते, हा माझा अर्ज विचारार्थ ठेवून घेण्यात आला.

पुढे सासुरवाडीच्या एका कार्यासाठी नाना धुळ्यास गेले. तेथेही त्यांची कॅमेऱ्याची चौकशी चालूच होती. सासूबाईंनी तिचे कारण ऐकून घेतले आणि “नळले आठ दिनमा एकडाव पानी येस, नी जवाईले पानीमधला कॅमेरा जोयजे!” असे म्हणून कपाळाला हात लावला, परंतु मेव्हण्याने सांगितले की असला कॅमेरा येथे पंपाच्या दुकानात मिळतो. नाना तत्काळ निघाले. त्यांनी पाण्यातल्या कॅमेऱ्याचे नाव काढताच गल्ल्यावरच्या शेठने, जणू कुणी नळाची तोटी मागितली असावी अशा सहजपणे विचारले:

“केबल किती फूट? तीनशे का पाचशे?”

पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर! जगातील नामांकित कंपन्यांनी साठावर हात टेकलेले असताना धुळ्याच्या बाजारात दीडशे मीटर उघड्यावर टांगलेले पाहून नानांचा कंठ दाटला. ती वस्तू होती बोअरचा कॅमेरा: मनगटाएवढी पोलादी नळी, तिच्या तोंडाशी भिंग, भिंगाभोवती बारीक दिव्यांचे कडे, मागे रहाटासारख्या चाकावर गुंडाळलेली केबल आणि पेटीत बसवलेला पडदा. बोअरमध्ये मोटर अडकली, केसिंग फुटले किंवा पाण्याचा झरा किती फुटांवर आहे ते पाहायचे झाले, की हे यंत्र घेऊन माणूस येतो आणि फुटांवर पैसे घेतो. मालवणात जिची हौस आहे, ती गोष्ट येथे शेतीच्या अवजारांत मोडते. नानांनी वही काढली. सेकंदाला किती चित्रे, व्हाइट बॅलन्स हाताने साधता येतो काय, लाल काच बसेल काय, अशी जबानी सुरू होताच शेठ म्हणाले, “काका, याच्यावर लग्नाची शूटिंग नाही करत कोणी.” मात्र गिऱ्हाइकाची उत्कंठा पाहून त्यांनी कॅमेरा भाड्याने फिरवणाऱ्या एका तरुणाशी गाठ घालून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना शिंदखेडा तालुक्यातील एका शिवारात प्रयोगास उपस्थित राहिले.

मीही सोबत होतो. कपाशीच्या वाळल्या काड्यांतून वाट काढीत आम्ही बोअरपाशी पोहोचलो, तेव्हा निम्मे गाव तेथे जमले होते. तरुणाने नळी केसिंगमध्ये सोडली. पडद्यावर प्रथम गंजलेले लोखंड, मग काळ्या पाषाणाची ओबडधोबड भिंत खालून वर धावू लागली, आणि कोपऱ्यातला आकडा चढत गेला: साठ फूट, नव्वद, एकशे चाळीस. मध्येच तांबूस मातीचा एक थर सरकून गेला. कोरड्या भागात तो स्पष्ट तांबूस होता. एकशे ऐंशीच्या पुढे लहानसे एक वर्तुळ चकाकले, कॅमेऱ्याने त्यात बुडी मारली आणि पडदा हिरवट झाला. कुणी बोलेना. ज्याचा बोअर होता त्या शेतकऱ्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला होता. त्याची मोटर दोरासकट तुटून खाली गेली होती, आणि ती दिसते की गाळात रुतली यावर त्याचे सगळे साल अवलंबून होते.

नाना पडद्यासमोर उकिडवे बसून एकाग्रतेने पाहत होते. अनुभवी, शहरातून आलेला, हातात वही असलेला माणूस म्हणून सर्वांची नजर त्यांच्यावर खिळली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली.

“लाल कमी येतोय,” ते म्हणाले.

“लाल ऱ्हाऊ द्या नाना,” शेतकरी काकुळतीने म्हणाला, “मोटर शे का नही, तेवढं सांगा.”

नानांनी चष्मा वर केला, पडद्याला जवळजवळ नाक लावले आणि वहीत काहीतरी टिपून घेतले.

“आहे,” ते म्हणाले. “पण फोकसमध्ये नाही.”