शरणार्थी, एकशे सतरा

आमच्या भागात सकाळी कुणी भेटलं की ‘शरणार्थी’ म्हणतात. पुण्याचा पाहुणा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा दचकतो, ह्यांना कुठून कुणी हाकलून दिलं की काय म्हणून. तसं काही नाही. बसवण्णांच्या मुलखातला तो नमस्कार आहे आणि त्याचं उत्तरही ‘शरणार्थी’ असंच द्यायचं असतं. कलबुर्गीच्या पब्लिक गार्डनमध्ये मात्र एक गृहस्थ शरणार्थीला ‘एकशे सतरा’ असं उत्तर देतात. ते माझे मामा.

मामा मूळचे भालकी तालुक्यातले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, असा त्यांचा तिन्ही त्रिकाळचा कारभार. शहराचं नाव 2014 साली कलबुर्गी झालं, मामांच्या तोंडात ते अजून गुलबर्गाच आहे. जन्म गेला जमिनीच्या मोजणीत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. निवृत्तीच्या दिवशी साखळी सरकारजमा झाली, पण पाय मामांकडंच राहिले, आणि त्यांच्या तेरा पावलांची बरोबर एक साखळी भरते. मी एकदा टेप लावून बघितला. तेहतीस फूट दोन इंच आले. मामा म्हणाले, “टेप आवळून धर की.”

तर बागेत शिरलं की मामा खाली बघत चालतात आणि ओठ हलत असतात. कुणाला वाटतं नामस्मरण चाललंय. मधेच कुणी शरणार्थी केलं की पंचाईत. उत्तर दिलं तर आकडा विसरतो, नाही दिलं तर माणूस माजला म्हणतात. ह्यावर मामांनी काढलेला तोडगा असा, की आकडाच मोठ्यानं म्हणायचा. एक निवृत्त प्राध्यापक बरेच दिवस समजत होते, मामा रोजचा रक्तदाब सांगतात. “एकशे सतरा? उत्तम आहे की. माझा एकशे चाळीस!” एवढं ऐकलं की मामा पुन्हा फाटकापासून सुरू.

फूल, पाखरू, कारंजं ह्यांत मामांना काडीचा रस नाही. झाडं मात्र ओळखतात, पण कशी? पूर्वेस लिंब, दक्षिणेस नाला, पश्चिमेस चिंच अशी चतुःसीमा लिहून लिहून झाड म्हणजे हद्दीचा साक्षीदार, एवढंच नातं उरलंय. गुलमोहर त्यांच्या लेखी झाडच नाही. “आज आहे, उद्या वाऱ्यानं पडला, तर कोर्टात काय सांगायचं?”

आयुष्यात त्यांनी मनापासून पसंत केलेली बाग एकच, बिदरची बरीदशाही. आम्ही लहान असताना ते आम्हाला तिथं घेऊन जायचे. बाकी पोरं घसरगुंडीवर आणि आम्ही मामांच्या मागं अली बरीदच्या कबरीभोवती. कबर 1577 ची, म्हणजे सुलतानानं मरणाच्या तीन वर्षं आधी करून घेतलेली. वर घुमट आणि चारी बाजूंना उघड्या कमानी. सगळे वर फरशांवरची फारसी अक्षरं बघतात. मामा कोपरे बघायचे. “काटकोन बघ, काटकोन! आणि भिंत घातली नाही. शेजाऱ्यानं कुठून का यावं, भांडण नको.” कमानी उघड्या ठेवण्यामागं बांधकाम जाणणारे काही वेगळं सांगतील. पण जिवंतपणीच स्वतःची हद्द कायम करून गेलेल्या माणसाबद्दल मामांचा आदर मला पटतो. मामांचा स्वतःचा भालकीतला बांध तीस वर्षं भावाशी भांडणात आहे. तिथं त्यांनी कधी एक पाऊल मोजलं नाही.

गेल्या वर्षी मुलानं बेंगळुरूला बोलावलं. “बागांचं शहर आहे, चार दिवस बागा बघा, गारव्याला बसा.” ‘बागा बघा’ एवढंच मामांनी ऐकलं. गाडीही नेमकी उद्यान एक्स्प्रेस. मामांना वाटलं खात्यानं खास सोडलीय. मदतनीस म्हणून मी आणि झेंडी म्हणून मामी.

झेंडीचं सांगायला पाहिजे. मोजणीत कोपऱ्यावर निशाण उभं करतात. निवृत्तीनंतर निशाण मिळेना, म्हणून मामी. लाल इरकल नेसलेली मामी दोन फर्लांगांवरून दिसते. “ह्यांच्याबरोबर बागेत जाण्यापेक्षा तहसीलीत गेलेलं बरं,” मामी म्हणते, “तिथं निदान बसू देतात.” लालबागेत ती एका कोपऱ्यावर पाऊण तास उभी होती. तेवढ्यात सहा जणांनी तिला काचघराचा रस्ता विचारला आणि तिनं सहाही जणांना ठसक्यात, कन्नडमध्ये, तीन निरनिराळ्या दिशा सांगितल्या.

लालबाग 240 एकर. हैदर अलीनं 1760 मध्ये लावायला घेतली, वगैरे मी सांगत होतो. मामांनी फक्त आकडा घेतला. एकरी चार क्विंटल तूर धरली, कोरडवाहू, हातचं राखून, तरी नऊशे साठ क्विंटल! मामा फाटकातच थबकले. आमच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि इथं ह्या लोकांनी एवढ्या रानात गवत लावून वर त्याला पाणीही घातलंय. मग त्यांनी पोटखराबा वजा करायला घेतला. 1889 चं काचघर? पोटखराबा. तळं? पोटखराबा. शेवटी तो प्रसिद्ध खडक आला. केंपेगौडाचा बुरूज त्याच खडकावर आहे. मी म्हटलं, “मामा, हा तीनशे कोटी वर्षांचा दगड आहे.” मामांनी चप्पल काढून टाचेनं दाबून बघितला. “तीनशे कोटी वर्षं पडीक,” असं म्हणून त्यांनी वहीत आडवी रेघ मारली.

झाडांवर लॅटिन नावांच्या पाट्या बघून ते खूश झाले, कारण त्यांना त्या सर्वे नंबरच्या वाटल्या. जवळ जाऊन वाचल्यावर मात्र चेहरा पडला.

खरी अडचण सरळ रेषेची. वाट वळते, मामा वळत नाहीत. रेघ म्हणजे रेघ. तिच्यात गुलाबाचा वाफा आला, ते वाफ्यातून गेले. माळी ओरडला. पुढं बांबूच्या बेटाआड एक जोडपं बसलेलं. मामा खाली बघत, ओठ हलवत, थेट त्या दोघांच्या मधून. पोरगी दचकून उठली, पोरगा ‘अंकल, सॉरी’ म्हणाला. मामा थांबले नाहीत, फक्त हातानं खूण केली आणि म्हणाले, “बसा, बसा. तुमच्या उताऱ्याला धक्का नाही. तीनशे एक.”

दुसऱ्या दिवशी कबन पार्क. 1870 मध्ये शंभर एकरांवर सुरू झालं आणि पुढं वाढत गेलं, असं मी चुकून बोललो. मामा हातातली वही मिटून माझ्याकडं बघत राहिले. नोकरीभर त्यांनी कमी होणाऱ्या जमिनी बघितल्या होत्या. दर मोजणीला कुणाचा तरी हातभर बांध आत सरकलेला. वाढणारी जमीन हा प्रकार त्यांना नवा होता. “वाढलं म्हणजे कुणाचं कमी झालं?” त्यांनी हळूच विचारलं. ह्याचं उत्तर मला देता आलं नाही आणि मामांनी त्या बागेत एक पाऊलही मोजलं नाही. चालू दाव्यात आपण पडायचं नसतं म्हणाले. मामीला त्या चार दिवसांत पहिल्यांदा बाकावर बसायला मिळालं.

निघताना मुलानं मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. मामा हरखले. तेरानं भागलं की साखळ्या तयार! गाडीत रायचूरच्या अलीकडं मामीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. जेवण झालं, मामांनी घड्याळ बघितलं. जागचं न हलता एकोणचाळीस पावलं वाढली होती. भाकरी मोडायला हात हलला, तो घड्याळानं धरला.

“तीन साखळ्या!” मामांनी पट्टा सोडला. “घास खाल्ल्याबरोबर जमीन वाढवून देतो. असला माणूस मी कामावरून काढला असता.”

परवा सकाळी पब्लिक गार्डनला गेलो तर मामा दिसले. मनगट मोकळं, नजर खाली. मी हात जोडून म्हटलं, “शरणार्थी मामा.”

“दोनशे आठ.”