चितळच आहेत, चला पुढे!

ताडोब्यात वाघ दिसला नाही की माणूस कलावंत होतो. मीही त्याच वाटेनं झालो. जिप्सीतली बाकीची मंडळी चितळांच्या कळपाकडे लग्नातल्या बँडवाल्यांकडे बघावं तशी बघतात: आहेत ते बरंच आहे, पण त्यांच्यासाठी कोणी आलेलं नाही. गाइडचंही तेच. सांबरानं झाडीतून 'ढाँक' केलं की जिप्सी थांबते. सांबर समोर येऊन उभं राहिलं की जिप्सी निघते.

अशा ठिकाणी मी म्हणालो, "थांबा जरा, चितळांचा फोटो घ्यायचाय. ब्लॅक अँड व्हाइट." ड्रायव्हरनं काळजीनं मागे वळून विचारलं, "कॅमेरा बिघडला का जी?"

बिघडला नव्हता. पण हे काम दिसतं तितकं सोपं नाही. चितळाचं अंग तांबूस, मागचा बांबू हिरवा. डोळ्यांना दोन्ही वेगळे, आणि रंग काढला की दोन्ही एकाच राखाडीत विरघळतात. लाल फिल्टर लावावा तर तांबूस अंग उजळतं आणि पांढरे ठिपके त्यात बुडतात. चितळाची सरळ शेळी होते. हिरवा लावला की अंग गडद होतं आणि ठिपके खणखणीत उठतात. हल्ली हे सगळं घरी संगणकावर स्लायडर सरकवून जमतं, म्हणजे वाघ नाही तर नाही, निदान ठिपके तरी सापडतात. सांबराला तीही सोय नाही. सावलीत उभं राहिलं की फोटोत दोन कान आणि एक संशय उरतो.

या खुळाची परंपरा मात्र थोर आहे. अमेरिकेतले जॉर्ज शिरास पेशानं वकील, काही काळ खासदारही. रात्री मिशिगनमधल्या तळ्यात होडी घालायची, काठावरच्या हरणांवर दिवा रोखायचा, ती टक लावून बघू लागली की फ्लॅशची पूड पेटवायची, असा त्यांचा उद्योग. 1906 मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'नं त्यांचे वन्यप्राण्यांचे 74 फोटो एकाच अंकात छापले, तेव्हा मासिकाचं चित्रांचं पुस्तक झालं म्हणून संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. फोटोंवरून राजीनामे! आमच्या घरी फक्त "एखादा रंगीत नाही का काढला?" इतकंच होतं.

गंमत म्हणजे हरणालाही लाल-केशरी नीट ओळखता येत नाही. आपल्याला भगवा दिसणारा वाघ त्याला गवतासारखाच हिरवट वाटतो. ज्या रंगासाठी आपण एवढे पैसे मोजतो, तो ज्याच्या जिवावर बेतायचा त्याला दिसतच नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला कळप दिसला तर गाडी थांबवायला सांगा. सकाळचं तिरपं ऊन असेल तर फारच उत्तम. आणि इंजिन आठवणीनं बंद करायला लावा; जिप्सीच्या थरथरीत हललेला फोटो कृष्णधवल केला म्हणून कलात्मक होत नाही.