खाचकरी

खाचकरी म्हणजे खेळण्यातल्या शर्यतीच्या मोटारींसाठी घरच्या घरी लाकडी रस्ता कोरणारा गृहस्थ. त्याचं मूळ ठिकाण इंग्लंड, आणि तिथेही गॅरेज: मोटार ठेवण्यासाठी बांधलेली आणि मोटार सोडून बाकी सगळं ठेवलेली जागा. अमेरिकेत तो तळघरात सापडतो. वय चाळिशीपुढचं, चष्मे दोन, त्यातला एक कपाळावर ठेवून विसरलेला. स्वेटरवर तपकिरी भुकटीचा थर, तर्जनीला चटक्याचा डाग. शेजारी त्याला सुतार समजतात, सुतार त्याला इलेक्ट्रिशियन समजतात. इलेक्ट्रिशियन त्याला काहीच समजत नाहीत. टेबलाखाली एकदा डोकावून ते चहा न घेता निघून जातात.

खेळ समजायला सोपा आहे. रस्त्यात एक खाच असते. गाडीच्या नाकाखाली एक खुंटी असते, ती त्या खाचेत बसते आणि सरकत्या खिडकीचा पल्ला पन्हळीतून जावा तशी गाडी पुढे जाते. खाचेच्या दोन्ही कडांना विजेच्या पट्ट्या. खुंटीच्या बाजूंना विणलेल्या तांब्याच्या तारेचे दोन झुबके, मिशांसारखे. ते पट्ट्यांवर घासत जातात आणि गाडीतल्या मोटरला वीज मिळते. हातातल्या कंट्रोलरचा घोडा जितका दाबावा तितकी गाडी पळते. सुकाणू नाही, ब्रेकचं पायडल नाही. वळणावर घोडा वेळेत सोडला नाही तर खुंटी खाचेतून निसटते आणि गाडी टेबलाखाली जाते. तिथे आधीच गेलेल्या गाड्यांचं आणि स्क्रूंचं एक संग्रहालय असतं.

विजेवर चालणाऱ्या असल्या मोटारी लायोनेल या अमेरिकन कंपनीने १९१२ मध्येच विकायला काढल्या होत्या, पण घरोघरी हा खेळ गेला तो इंग्लंडातून. हॅव्हंटच्या मिनीमॉडेल्स कंपनीचे फ्रेड फ्रान्सिस चावीच्या पत्र्याच्या मोटारी बनवत. त्यांनी त्या मोटारींत विजेची मोटर बसवली आणि १९५७ मध्ये स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं. पहिले रस्ते रबराचे होते, पुढे प्लास्टिकचे आले. १९५८ मध्ये धंदा लाइन्स ब्रदर्सकडे गेला आणि त्यानंतरच्या इंग्रज मुलांच्या दोन पिढ्या नाताळच्या सकाळी दिवाणखान्याच्या गालिच्यावर पालथ्या पडून वाढल्या. खाचकरी हा त्यांतलाच एक. बाकीची मुलं यथावकाश उठून उभी राहिली.

प्लास्टिकचा रस्ता सोडून तो लाकडाकडे का वळतो, या प्रश्नावर त्याचं उत्तर एकच असतं: सांधे. प्लास्टिकचा नेहमीचा सरळ तुकडा ३५० मिलीमीटरचा. जेमतेम अठरा मीटरचा फेरा अशा तुकड्यांचा करायचा तर ५१ तुकडे लागतात, म्हणजे ५१ सांधे. प्रत्येक सांध्यावर गाडी ‘टक्’ करते. प्रत्येक सांध्यात वीज थोडी थोडी झिरपल्यासारखी कमी होते, आणि फेऱ्याच्या पलीकडच्या टोकाला गाडी जेवून उठल्यासारखी चालू लागते. खाचकऱ्याने हे लहानपणी सोसलं, मग मुलासाठी आणलेल्या संचात पुन्हा सोसलं. मुलाला त्या आवाजाचं काही वाटत नव्हतं. बापाची झोप मात्र उडाली. अखंड रस्ता हवा, बिनसांध्याचा, या निष्कर्षाला तो साधारण जानेवारीत येतो.

फेब्रुवारी आराखड्यात जातो. सुरुवातीला मनात साधासुधा रस्ता नसतो, खऱ्या शर्यतींचा इटलीतला मोंझा असतो. गाड्या खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या, मग रस्ताही त्याच मापाने लहान करून बसवावा असं त्याला वाटतं. मोंझाची लांबी ५.७९३ किलोमीटर; भागिले बत्तीस, १८१ मीटर. मोनॅको सगळ्यांत लहान म्हणून मोठ्या आशेने त्याला भाग द्यावा, तर तोही १०४ मीटर भरतो. नुरबुर्गरिंगच्या जुन्या नॉर्डश्लाइफचा हिशेब काही जण करतात आणि साडेसहाशे मीटर हा आकडा घरात कुणाला सांगत नाहीत. गॅरेज पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद. शेवटी मोंझाचं एक वळण, स्पाचं एक वळण आणि मधे फ्रीजर चुकवण्यासाठी घेतलेलं, जगातल्या कुठल्याच शर्यतीत नसलेलं एक वळण, असा अठरा मीटरचा फेरा ठरतो.

आराखड्यातली खरी मौज चार गाड्यांसाठी शेजारी शेजारी काढायच्या चार खाचांच्या लांबीत आहे. बाहेरची खाच आतल्या खाचेपेक्षा लांब असणार हे कुणालाही कळतं. किती लांब, हे कळलं की माणूस थोडा वेळ गप्प बसतो. दोन खाचांमध्ये ९० मिलीमीटर अंतर ठेवलं तर एका फेऱ्यात फरक पडतो ५६५ मिलीमीटरचा. फेरा टेबलाएवढा असो की अख्ख्या परगण्याएवढा, वळणं दोन असोत की वीस, फरक तेवढाच, कारण सगळी डावी-उजवी वळणं वजा करून उरतो तो एक पूर्ण वळसा. चार खाचांत पहिली आणि चौथी यांच्यात १.७ मीटरचं अंतर पडतं. यावर उतारा म्हणजे इंग्रजी आठाचा आकडा आणि मधे पूल, जपानच्या सुझुकासारखा. मग डावं-उजवं फिटून सगळ्या खाचा सारख्या होतात. खाचकरी पूल काढतो, पुलाखालून गाडी जाईल एवढी उंची धरतो, त्या उंचीला चढ किती लांब लागेल ते मोजतो आणि पूल खोडतो. या खेळाच्या क्लबात प्रत्येक जण प्रत्येक खाचेवर एकेकदा धावतो आणि तंटा मिटतो. इथेही तसंच करायचं ठरतं.

मग येतं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड. आठ बाय चार फुटांचा बारा मिलीमीटरचा एक बोर्ड सुमारे २७ किलोचा असतो. असे तीन बोर्ड खऱ्या मोटारीच्या टपावर बांधून घरी येतात आणि टपाला पोचा येतो. ज्या बिनसांध्याच्या रस्त्यासाठी हा घाट घातला त्याला तीन बोर्ड जोडताना दोन सांधे पडणार, हे याच वेळी लक्षात येतं. ते तो खालून लाकडी पट्ट्या मारून, सरस लावून, वरून पुट्टी भरून असे बुजवतो की बोटाला लागू नयेत. ही पुट्टी मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरायची असते. टपावरचा पोचा तसाच राहतो.

खाच कोरायला राउटर. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारं हे यंत्र दोन्ही हातांनी धरावं लागतं आणि त्याच्या मनाविरुद्ध चालवावं लागतं. खाच तीन मिलीमीटर रुंद, म्हणजे तीळ आडवा बसेल एवढी, आणि सात मिलीमीटर खोल. वळणासाठी एक लवचीक प्लास्टिकची पट्टी आखलेल्या रेषेवर छोट्या स्क्रूंनी ठोकतात आणि राउटर तिला घासत नेतात. पट्टी जशी वाकेल तसं वळण. कंपासने काढलेल्या वळणापेक्षा ते डोळ्याला आणि गाडीला अधिक गोड लागतं. ही पद्धत काढणाऱ्याला खाचकरी मनोमन नमस्कार करतो. पण दुसरी खाच वेगळी आखत नाहीत. राउटरच्या तळपट्टीला ९० मिलीमीटरवर एक पिन लावतात, ती पहिल्या खाचेत घालतात आणि पहिलीच्या समांतर दुसरी कोरतात. दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी. त्यामुळे पहिल्या खाचेच्या वेळी आलेली शिंक चौथ्या खाचेपर्यंत वारसाहक्काने उतरते. अशा जागेला खाचकरी नाव देतो आणि पाहुण्यांना ते आव्हानात्मक वळण म्हणून दाखवतो.

एमडीएफची भुकटी हा वेगळाच विषय आहे. ती पिठापेक्षा बारीक असते, फुप्फुसांना वाईट असते, म्हणून मास्क लावावाच लागतो. मास्क माणसाला वाचवतो. वाळत घातलेल्या कपड्यांना, सायकलींना आणि गॅरेजातून घरात येणाऱ्या मांजराला मास्क नसतो. त्या महिन्यात घरातल्या चहालाही लाकडाचा वास येतो.

रंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भिंतीचा मळकट राखाडी रंग, दोन हात, रोलरने. रंग खाचेत उतरून सुकला तर खुंटी अडते, म्हणून ओल्या रंगातच जुनं बँकेचं कार्ड खाचेतून फिरवतात. जुनं समजून एखाद्याने नवं फिरवल्याचे प्रसंग आहेत.

वीज वाहण्यासाठी तांब्याची चिकटपट्टी वापरतात, पाच-सहा मिलीमीटर रुंदीची. ही पट्टी मुळात रंगीत काचांची तावदानं जोडणाऱ्यांसाठी असते. चार खाचा, प्रत्येकीच्या दोन कडा, अठरा मीटरचा फेरा म्हणजे १४४ मीटर पट्टी. ३३ मीटरची पाच रिळं मागितली की दुकानदार आदराने कुठल्या चर्चची खिडकी आहे असं विचारतो. खाचकरी खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही. वळणावर पट्टी चुरमडते. अंगठ्याने दाबत, थोडी ताणत, रांगत रांगत ती बसवावी लागते. दोन शनिवार-रविवार जातात. तिसऱ्या रविवारी अंगठा कामाला येत नाही.

तांब्याचा आणखी एक गुण प्लास्टिकवाल्यांना उशिरा कळतो. हल्लीच्या खेळण्यातल्या मोटारींच्या पोटात लोहचुंबक असतं आणि प्लास्टिकच्या रस्त्यातल्या पट्ट्या पोलादी असतात; त्यामुळे गाडी वळणावर रस्त्याला घट्ट धरून राहते. तांब्याला चुंबकाचं सोयरसुतक नाही. लाकडी रस्त्यावर तीच गाडी शेपूट फेकत, घसरत, खऱ्या मोटारीसारखी वळते आणि नवशिक्याच्या हातून पहिल्याच वळणावर उडते. खाचकरी गाडीतलं चुंबक काढून टाकतो, त्याच्या जागी शिशाचा तुकडा चिकटवतो आणि त्याला खरं ड्रायव्हिंग म्हणतो. मुलगा गाडी उचलून आणून आणून कंटाळतो आणि आत टीव्ही लावतो.

वायरिंगसाठी खाचकरी उताणा होतो. तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ. लांब फेऱ्यात तिच्या रोधामुळे व्होल्टेज पडतं आणि फ्रीजरच्या बाजूला गाडी पुन्हा जेवून उठल्यासारखी चालते. म्हणून टेबलाखालून जाड तारेचा एक फेरा न्यायचा आणि दर तीन मीटरवर पट्टीला वीज पोचवायची. फेऱ्यात सहा ठिकाणं, प्रत्येक खाचेला दोन पट्ट्या, खाचा चार: ४८ सोल्डर. वरच्या वर सोल्डर केलं तर उष्णतेने पट्टीचा गोंद सुटतो, म्हणून पट्टीचं टोक भोकातून खाली घ्यायचं आणि खालून सोल्डर करायचं. खालून म्हणजे डोळ्यांवर. दोन चष्म्यांचा उपयोग इथे होतो.

कंट्रोलरच्या तारा तीन. अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत पांढरी विजेकडून येते, काळी रस्त्याकडे जाते, तांबडी ब्रेकची. हा ब्रेक विजेच्या शास्त्रातली एक सुंदर लबाडी आहे. घोडा पूर्ण सोडला की रस्त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. वेगात फिरणारी मोटर त्या क्षणी मोटर राहत नाही, जनित्र होते, आणि तिने स्वतःच निर्माण केलेला प्रवाह तिला थोपवतो. पांढरी आणि तांबडी यांची अदलाबदल झाली तर साध्या कंट्रोलरवर घोडा सोडताच गाडी सुसाट सुटते आणि दाबल्यावर थांबते. एका खाचेच्या पट्ट्या उलट जोडल्या गेल्या तर गाडी मागे धावते. खाचकऱ्याकडे दोन्ही होतं, एकाच संध्याकाळी, शेजाऱ्यांना बोलावलेलं असताना.

मग गंगेत घोडं न्हातं. बारा व्होल्टवर चार गाड्या एका दिशेने फिरतात. खाचकरी पहिल्या फेऱ्यांत गाडीकडे बघत नाही, डोळे मिटून ऐकतो. टक् नाही. घरात ही बातमी सांगायला तो जातो, तेव्हा कुणी तरी सांध्यांचा हिशेब विचारतं. सोल्डरचे ४८, बोर्डांचे दोन, एकूण पन्नास. प्लास्टिकपेक्षा एक कमी. सोल्डर मोजायचे नसतात, तो समजावतो, ते खालच्या बाजूला असतात.

रस्ता झाल्यावर खाचकरी फारसा धावत नाही. तो कडेला स्पंजची झाडं लावतो, गवताच्या गंज्या लावतो, प्रेक्षकांच्या डोक्यांना रंग देतो. क्लबात गेला तर शर्यत सोडून क्लबच्या टेबलाखाली वाकतो. घरच्या रस्त्यावरचा सर्वांत वेगवान फेरा बहुधा बायकोच्या नावावर असतो. फ्रीजरमधले वाटाणे काढायला आलेली ती, मोकळा पडलेला कंट्रोलर उचलते, सहा-सात फेरे मारते आणि मोजणीयंत्रावर एक आकडा सोडून जाते. खाचकरी पुढचे तीन आठवडे त्या आकड्याचा पाठलाग करतो. गाडीत शिसं वाढवतो, कमी करतो, चाकं घासतो.

पण वाटाणे निघालेले नसतात. टेबल फ्रीजरच्या झाकणावरून गेलेलं आहे आणि झाकण चार बोटांहून जास्त उघडत नाही, ही गोष्ट फेब्रुवारीच्या आराखड्यात नव्हती. वळण फक्त फ्रीजरच्या हँडलला चुकवून काढलेलं होतं. फ्रीजर हलवता येत नाही, कारण दुसरीकडे लाकूड आहे. तेव्हा रस्त्याचा फ्रीजरवरचा तुकडा कापून, बिजागऱ्या लावून, वर उचलता येईल असा करावा लागतो. करवत दोनदा फिरते. खालून आठ तारांना प्लग आणि सॉकेट लागतात. तेही मोजायचे नसतात. तुकडा खाली बसल्यावर पातळी बरोबर येते की नाही हे खाचकरी पोलादी पट्टी ठेवून तपासतो, बिजागऱ्यांखाली कागदाच्या घड्या घालतो आणि गाडी सोडते वेळी खिडकी लावून घेतो.

फ्रीजरवरून जाताना गाडी दोनदा टक् करते.