एल्मिनाच्या टेकडीवरून

अक्रा, घाना

तीर्थरूप बाबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथील सर्व क्षेम असून, तुमच्या सूनबाईंच्या दशम्यांच्या बळावर आम्ही गेल्या रविवारी एल्मिनाचा किल्ला सर केला, हे वर्तमान प्रथम कळवितो. किल्ले येथे दोन. खाली समुद्रात घुसलेल्या खडकावर पोर्तुगीजांनी 1482 साली बांधलेला सेंट जॉर्जचा पांढराशुभ्र किल्ला, जो पाहावयास सारे जग लोटते; आणि बेन्या खाडीपलीकडे, थेट त्याच्या डोक्यावर, सेंट जागोचा, जो पाहावयास त्या दिवशी आमचे कुटुंब आणि दोन शेळ्या एवढीच मंडळी हजर होती.

गडाची जागा पाहताच तुम्ही पोर्तुगीज किल्लेदाराची बिनपाण्याने केली असतीत. दीडशे वर्षे हे लोक खाली खंदक, तट आणि तोफा सांभाळीत बसले, आणि माथ्यावरच्या टेकडीवर मात्र संत जागोचे एक देऊळ बांधून तिच्या रक्षणाचा भार बव्हंशी त्या संतावरच सोपविला! 1625 साली किनाऱ्यावर मार खाऊन परतलेले डच 1637 मध्ये ब्राझीलहून आरमार घेऊन पुन्हा आले, टेकडीवर तोफा चढवून त्यांनी किल्ल्यावर भडिमार केला, आणि 29 ऑगस्ट रोजी किल्ला त्यांच्या स्वाधीन झाला. चिरंजीव तत्काळ उद्गारले, “म्हणजे आजोबांचा वज्रगडच की!” ते ऐकून तुमचा ऊर भरून येईल, म्हणून मुद्दाम लिहिले. योग असा, की 1665 साली दिलेरखान वज्रगडावरून पुरंदराला भाजून काढीत होता, त्याच दशकात डच येथे टेकडीवर पक्का दगडी कोट उभारीत होते. ज्या वाटेने आपण शिरलो, ती इतरांस बंद करण्याची अक्कल त्यांना होती.

खालच्या किल्ल्याच्या तळघरांविषयी मात्र विनोदाने लिहवत नाही. गुलाम म्हणून धरलेली माणसे तेथे जहाजांची वाट पाहत कोंडलेली असत, डचांचा तो व्यापार 1814 पर्यंत चालला, आणि वरचा हा देखणा कोट त्याच ऐवजाच्या पहाऱ्यासाठी होता.

1872 साली दोन्ही किल्ले इंग्रजांकडे गेले. वरच्याच्या नशिबी पुढे कधी इस्पितळ, तर कधी विश्रामगृह होणे आले. आता गिलाव्याचे पोपडे सुटले आहेत, आणि तटावर नारिंगी डोक्याचे सरडे पुढच्या पायांवर वरखाली होत येणाऱ्याजाणाऱ्यास मुजरे करीत असतात. मनसबदारी चालविणारे तेवढेच उरले आहेत.

सूनबाईंनी या इतिहासाचा बोध स्वतंत्रपणे घेतला. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या कुंड्यांचे पाणी आमच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडते, ही तक्रार जुनीच. परंतु रविवारपासून “उंचावरची जागा आपल्याच ताब्यात हवी” असा त्यांचा आग्रह असून, गच्चीसाठी घरमालकाशी तहाची बोलणी सुरू आहेत. कलमे ठरताच कळवीन. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक